प्रार्थना होत नाही, आणि मंडळातली प्रार्थना मलाच चालवायची आहे

मिरजेहून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. त्यांची ओळख लपवून त्यातला गाभा इथे देते.

ताईंचं वय ४४. त्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत, महिन्याला आठ-दहा रात्रपाळ्या असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. पाणी हवं असलं तर ते ‘चावी’ म्हणतात आणि मुलीला आत्याच्या नावानं हाक मारतात. मंडळीनं, म्हणजे आमच्या ख्रिस्ती चर्चमधल्या लोकांनी, उपवास-प्रार्थना केल्या, चाळीस दिवसांची साखळी-प्रार्थनाही झाली. थोडा फरक पडला, पण बोलणं परत आलं नाही. मग थोरल्या दिरांनी बाहेरगावचे एक प्रचारक घरी आणले. ते खोल्या-खोल्यांतून फिरले आणि म्हणाले, ‘इथे अडथळा आहे, या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय.’ हे म्हणताना ते ताईंकडे बघत होते. ‘गोळ्या बंद करा आणि साक्ष द्या,’ म्हणजे देवानं बरं केलं असं चारचौघांत सांगा, असंही सांगून गेले. तेव्हापासून दीर दर रविवारी मंदिराच्या, म्हणजे चर्चच्या, दारात विचारतात, ‘अजून गोळ्या चालूच?’

ताई लिहितात: ‘आठ महिने झाले, मी प्रार्थना केलेली नाही. ओठ हलतात, आत काही हलत नाही. सासूबाईंसाठी म्हणून रात्री जेवणाआधी फक्त प्रभूची प्रार्थना म्हणते. तेवढ्यात हेही म्हणतात. अगदी स्पष्ट, ‘आमची रोजची भाकर’पर्यंत. तिथे थांबतात. मला आनंद व्हायला हवा, पण राग येतो. पाठ केलेलं पोपटासारखं येतं, मग माझं नाव का येत नाही? आता महिला मंडळानं मार्चमधल्या जागतिक प्रार्थना दिनाची मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागण्याची, प्रार्थना माझ्याकडे दिली आहे. हो म्हटलं तर ढोंग. नाही म्हटलं तर दीर म्हणतील, बघा, मी म्हटलं नव्हतं? काय करू?’

ताई, सलाम.

सगळ्यात आधी गोळ्यांचं, कारण बाकीचं थांबू शकतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्तदाबाची गोळी मनानं बंद केली तर दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो. हे मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही रोज वॉर्डात बघता. पत्रात तुम्ही लिहिलंय की गोळ्या तुम्ही स्वतः मोजून डबीत भरता आणि डबी कपाटात कुलपात ठेवता. ते कुलूप तसंच राहू दे. चावी सासूबाईंकडेही नको, कारण त्या मुलाच्या मायेपोटी थोरल्या मुलाचं ऐकतील.

पण दिरांना नुसतं ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणून भागणार नाही. ते पवित्र शास्त्राच्या भाषेत बोलतात, तर तुम्हीही त्याच भाषेत बोला. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवून रडून प्रार्थना केली, आणि देवानं त्याचं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवलं. ही गोष्ट प्रचारक नेहमी सांगतात. तिचा शेवट मात्र सांगत नाहीत. यशया संदेष्ट्यानं पुढे काय सांगितलं? अंजिराचा लेप आणा आणि गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेली, आणि उत्तरात लेप आला! येशूचा प्रेषित पौल, त्यानं आपला सोबती तीमथ्य याला सततच्या पोटदुखीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्रफिमाला तर तो आजारी असतानाच मिलेत गावी मागे ठेवून पुढे गेला. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी लोक बरे होत, त्याच पौलाचा स्वतःचा सोबती आजारी राहिला. कुणी म्हणालं का, की त्रफिमाचा विश्वास कमी होता?

आणि हे मिरजेत सांगावं लागतंय, याचं मला खरंच नवल वाटतं. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. ते मिशनरी होते आणि सर्जनही होते. शस्त्रक्रिया करणारा माणूस प्रार्थनाही करतो, हे तुमच्या गावानं सव्वाशे वर्षांहून अधिक काळ डोळ्यांनी पाहिलंय. आज तिथल्याच मंडळीतला माणूस गोळी की विश्वास असं विचारतो. मी साताऱ्याची. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव हे. त्यांचा विरोध देवाला नव्हता, देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला होता. आमच्या मंडळीतल्या काहींना त्यांचं नाव काढलेलं आवडत नाही, पण घरात शिरून आजाऱ्याच्या बायकोकडे बोट दाखवणारा माणूस पाहिला की मला ते आठवतात. त्या प्रचारकांनी जाताना ‘बियाणं’ म्हणून, म्हणजे आशीर्वाद उगवावा म्हणून द्यायचं दान म्हणून, पाच हजार नेले, असं तुम्ही पत्राच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंय. समासात का लिहिलंत? ते मधोमध लिहायला हवं होतं.

आता विश्वासाचं. ज्या आजाराला आपण पक्षाघात म्हणतो, त्या आजाराचा माणूस शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, आहे. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात ‘पक्षघाती’ म्हणून तो येतो. त्याला चौघे जण उचलून आणतात. दारात गर्दी आहे, आत शिरायला जागा नाही. म्हणून ते धाब्यावर चढतात, छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. पुढे लिहिलंय, की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे वाहून आणणाऱ्यांचा. खाटेवरचा माणूस त्या सगळ्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. त्यानं प्रार्थना केली का, त्याला विश्वास होता का, कुणी विचारलंही नाही.

दीर इथेच बोट ठेवतील, मला माहीत आहे. म्हणतील, बरोबर, म्हणजे वाहणाऱ्यांचा विश्वास कमी पडला. तर त्यांना गेथशेमाने बागेत घेऊन जा. तिथे स्वतः प्रभूनं एकदा नाही, तीनदा मागितलं, की हा प्याला माझ्यावरून टळून जावो. टळला नाही. पौलानं शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली. काढला नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर आलं, दोघांचंही नाही. आपल्याकडे मात्र दुःख दिसलं की अपराधी शोधायची घाई असते, आणि तो बहुतेक वेळा घरातली बाईच निघते. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते. त्यांनी केलेलं तेवढंच काम चांगलं होतं. तोंड उघडल्यावर त्यांनी सगळं बिघडवलं.

तर त्या चौघांकडे परत येऊ. खाटेला चार कोपरे असतात. तुमचं सहा पानी पत्र मी दोनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी मला एकच माणूस खाट ओढताना दिसला. रात्री वॉर्ड, सकाळी यजमानांची आंघोळ, दुपारी मुलीचं दहावीचं, संध्याकाळी फिजिओ. एका कोपऱ्यानं उचललेली खाट तिरकी होणारच, आणि उचलणाऱ्याचा हात भरून येणारच. ‘आत काही हलत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. मला त्यात अविश्वासापेक्षा झोप न झालेली बाई जास्त दिसते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली ‘आता मला मरू दे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत खाऊ घातलं. झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, जसं पेशंटच्या नातेवाइकाला तुम्ही सांगाल तसं. त्यात लाज नाही.

उरलेले तीन कोपरे कुणाला द्यायचे? मंडळीतले लोक तुमच्याकडे प्रार्थनेला येतात, ना? दर बुधवारी संध्याकाळी बारा-पंधरा जण, दीड तास, वर चहा. त्यांना काम द्या. कुणी ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो, सिस्टर’ म्हणालं की म्हणा, ‘बरं होईल, आणि गुरुवारी माझी नाइट उतरते तेव्हा नऊ ते एक यांच्यापाशी बसाल का? मला चार तास झोपायचंय.’ एवढं थेट मागायला जड जातं. तुम्ही आजवर दुसऱ्यांची खाट उचलत आलात, म्हणून अजूनच जड जाईल. पण याकोबानं आपल्या पत्रात हेच लिहिलंय: उघड्या, उपाशी भावाला ‘सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव’ म्हणून हातात काहीच दिलं नाही, तर काय उपयोग? माझा अनुभव असा आहे, की बारा जणांत दोघे-तिघे हमखास हो म्हणतात. बाकीचे पुढच्या बुधवारी जरा उशिरा येतात. तेही चालेल, चहा कमी करावा लागतो.

आता तुमच्या रागाकडे येते. या पत्रातली सगळ्यात खरी गोष्ट तीच वाटली मला. तुम्ही म्हणता, प्रार्थना बंद आहे. आणि पत्राच्या चौथ्या पानावर देवाला उद्देशून लिहिलेली दहा ओळींची तक्रार आहे. ‘तू’ म्हणून लिहिलंय तुम्ही, माझ्या पत्रात! मधेच माझ्याशी बोलायचं थांबवून त्याच्याशी बोलायला लागलात आणि परत माझ्याकडे वळलात, तुमच्या लक्षातही आलं नाही. ते पान छापणार नाही, ते तुमचं आहे. पण ते काय होतं, सांगा बरं?

आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेची एक ठरलेली चाल पडून गेली आहे. ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी स्तुती करतो, तुझे आभार मानतो’ इथून सुरू करायचं, आवाज हळूहळू वर न्यायचा, आणि ‘येशूच्या नावानं मागतो, आमेन’ इथे उतरवायचं. चाल वाईट नाही. पण त्या चालीत बसत नाही ती प्रार्थनाच नाही, असं आपण धरून चाललोय. स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रांत तक्रारीची किती आहेत ते एकदा पेन्सिलनं खुणा करून बघा. तेरावं स्तोत्र ‘किती काळ?’ असं विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं शेवटपर्यंत उजेडात येत नाही, अंधार या शब्दापाशीच संपतं. कुणीतरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं, काढलं नाही. आपल्या मंदिरात मात्र अठ्ठ्याऐंशीवं वाचायला लावलेलं मी चाळीस वर्षांत दोनदाच ऐकलंय, दोन्ही वेळा वाचणारा नवा होता.

आणि आपण मराठी माणसं आहोत हेही विसरून चालत नाही. देवाशी भांडायची रीत आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. तुकोबा विठ्ठलाला काय काय बोलले! कवी नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी मंदिरात अभंग आणला, भजन-कीर्तन आणलं. शेवटच्या काळात मिशनची नोकरी सोडून ते आमच्या साताऱ्यात राहिले आणि १९१७ मध्ये इथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे बसायला जागा होती. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. मला त्या ‘दरबार’ शब्दाचं फार अप्रूप आहे. दरबारात माणूस काय घेऊन जातो? फिर्याद घेऊन जातो. स्तुती करायला भाट असतात.

म्हणून माझं तुमच्याशी पहिलं भांडण इथे आहे, की तुम्ही ‘प्रार्थना थांबली’ म्हणता. तुमचं मागणं थांबलंय, आणि चारचौघांत बोलणं थांबलंय. फिर्याद चालू आहे.

दुसरं भांडण पोपटाबद्दल आहे, आणि इथे जरा लांबण लावणार आहे.

डाव्या मेंदूला इजा झाली की अनेकांचं बोलणं जातं. याला वाचाघात म्हणतात. त्यात नवा विचार शब्दांत मांडणं जमत नाही, वस्तूचं नाव आठवत नाही, ‘पाणी’च्या जागी ‘चावी’ येते. पण लहानपणापासून तोंडात बसलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात: आकडे, वारांची नावं, गाणी, शिव्या आणि प्रार्थना. मेंदूत त्यांची वाट थोडी वेगळी असते, असं मानतात. गाण्याच्या चालीवर बोलायला शिकवण्याची एक उपचारपद्धतीसुद्धा आहे. तुम्ही नर्स आहात, हे तुम्ही ऐकलं असेल, पण आपल्याच घरात ते घडतं तेव्हा ते दिसत नाही. यजमान ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणू शकतात आणि तुमचं नाव घेऊ शकत नाहीत, याचा अर्थ त्यांना देव जवळचा आणि तुम्ही परक्या असा होत नाही. तुमचं नाव त्यांनी कधी पाठ केलं नव्हतं हो, ते रोज नव्यानं घेत होते. म्हणून ते आधी गेलं.

माझी एक गोष्ट सांगते. माझा धाकटा भाऊ एकोणतिसाव्या वर्षी गेला. कसा ते राहू दे. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मंदिरात जात होते, आणि जात होते एवढंच. सवयीनं मागच्या बाकावर बसायचे. शेजारी एक म्हातारी बसायची, कपाळापर्यंत पदर, हातात उपासना संगीताचं जुनं पुस्तक, पुठ्ठा सुटलेला, वर खाकी कागद चढवलेला. मी गात नाही हे तिच्या लक्षात आलं असावं. गीत सुरू झालं की ती पुस्तक माझ्यापुढे सरकवायची आणि बोट ओळीखाली धरून सरकवत न्यायची. मी नुसती बोटाकडे बघायचे. नखात हळद असायची, ती सांगलीच्या हळदीच्या पेठेत कामाला होती. चार-पाच महिन्यांनी एका रविवारी माझं लक्ष गेलं, पुस्तक उलटं होतं. तिला वाचता येत नव्हतं. सगळी गीतं तोंडपाठ, कडव्यांसकट, आणि बोट फक्त माझ्यासाठी. मला हसू आलं. भाऊ गेल्यापासून मंदिरात पहिल्यांदा आलं, आणि मग रडूही आलं.

तेव्हापासून मी पाठ असलेल्या प्रार्थनेला पोपटपंची म्हणत नाही. स्वतःचे शब्द आतून येतात तेव्हा सोन्याहून पिवळं. पण येत नाहीत तेव्हा उभं राहायला जागा लागते, आणि ती आधी कुणीतरी तोंडात घालून ठेवलेली असावी लागते. यजमानांच्या तोंडात ती कुणी घातली? बहुतेक तुमच्या सासूबाईंनी, पन्नास वर्षांपूर्वी, स्टोव्हजवळ बसून. प्रभूनं ही प्रार्थना शिकवली तेव्हाही आधी बजावलं होतं, की फार बोलू नका, पुष्कळ बोललं की ऐकलं जातं असं समजू नका. अर्ध्या मिनिटाची प्रार्थना आहे ती. आणि तिच्यात ‘मी’ कुठेच नाही, बघा. आमच्या, आम्हांला, आमची. भाकरसुद्धा ‘आमची’.

आता मार्चचा पहिला शुक्रवार.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. सरळ नाही म्हणणं ही पहिली. ती चुकीची नाही. दोन वर्षं आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला नाही म्हणायला कारण लागत नाही. मंडळाच्या अध्यक्षांना एकटीला गाठून ‘यंदा मला जमणार नाही, पुढच्या वर्षी विचारा’ एवढं सांगा. दीर काय म्हणतील म्हणून हो म्हणू नका. दिरांसाठी केलेली प्रार्थना दिरांनाच पोचते.

दुसरी वाट, हो म्हणून नेहमीच्या चालीत, भरल्या आवाजात सगळं छान म्हणून दाखवणं. हे तुम्हाला जमेल, इतकी वर्षं मंडळात काढली आहेत. पण तुम्ही त्याला आधीच ढोंग म्हटलंय, तेव्हा ही वाट मी पुसते.

तिसरी मला जवळची वाटते. जागतिक प्रार्थना दिनाची एक गंमत तुम्हाला ठाऊक असेल, पण या प्रसंगात सुचली नसेल. त्या दिवसाची उपासना आपण लिहीतच नाही. दर वर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका ती लिहितात आणि जगभर त्या दिवशी तीच भाषांतर होऊन म्हटली जाते. २०२४ ची पॅलेस्टाइनमधल्या बायकांनी लिहिली होती, २०२५ ची कुक बेटांवरच्या बायकांनी. म्हणजे तुमच्याकडून तुमच्या मनातलं कुणी मागितलेलंच नाही. दूरच्या कुठल्या तरी बाईनं, तिच्या घरात काय चाललं होतं कुणास ठाऊक, लिहिलेली वाक्यं तुम्हाला मराठीतून वाचायची आहेत. बोट ओळीखाली धरायचंय, बस. पुस्तक सुलटं धरा म्हणजे झालं.

ही वाट घेतलीत तर दोन गोष्टी करा. आधी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, किंवा अध्यक्षांना खरं सांगा, की सध्या माझ्याच्यानं स्वतःची प्रार्थना होत नाही, मी दिलेलं वाचेन, वर काही जोडणार नाही. ढोंग लपवण्यानं होतं, सांगितलं की ते ढोंग राहत नाही. पाळकसाहेब गांगरले तर समजा, त्यांनाही असं कधीतरी झालं असेल आणि त्यांनी कुणाला सांगितलं नसेल. आणि दुसरं, मध्यस्थीच्या मधे जिथे स्तब्धतेची जागा असते, तिथे खरोखर स्तब्ध राहा. आपल्याकडे ‘आपण एक मिनिट शांत राहू’ म्हणतात आणि बारा सेकंदांत पेटीवाला सूर धरतो. त्याला आधीच सांगून ठेवा. हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती तेव्हा तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं ही प्यालेली आहे. ओठ हलणं आणि आवाज नसणं, हे तुमचंच वर्णन आहे.

दिरांशी बोलायचं ते मंदिराच्या दारात नको, घरी बोलवा. वाद घालू नका, काम द्या: ‘दादा, पुढच्या तपासणीला तुम्हीच यांना घेऊन चला. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरांना तुमच्यासमोर विचारू.’ थोरला भाऊ आहे तो. धाकट्याचं बोलणं गेलेलं बघून त्यालाही कुठेतरी कुलूप लागलं असेल, आणि अडथळा दुसऱ्यात आहे असं समजणं त्याला सोपं जात असेल. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाहीये. दवाखान्याच्या बाकावर तीन तास बसला की तो खाटेचा एक कोपरा धरेल, एवढंच सांगतेय. त्यानं पुन्हा गोळ्यांचा विषय काढला किंवा ते प्रचारक परत दारात आले, तर मात्र पाळकांना सोबत घेऊन साफ नाही म्हणा.

इतरही काहींची पत्रं याच अंगाची आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय, मी पाऊस नको म्हणून प्रार्थना करतो आणि जतचा माझा मेहुणा पाऊस हवा म्हणून, देवानं कुणाचं ऐकायचं? दादा, दोघांचं ऐकतो असं मी मानते. ऐकणं म्हणजे हुकूम पाळणं नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी उतरावं म्हणून कुणी प्रार्थना केली नाही? मंदिरात, देवळात, मशिदीत सगळीकडे केली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या दिवसांत ज्यांनी बोटीत बसून लोकांना भाकरी पोचवल्या, त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं, की प्रार्थनेला वेळच मिळाला नाही. मला त्याचं पटलं नाही, पण मी वाद घातला नाही. आणि ज्या आईनं लिहिलंय, की मुलगा घरच्या प्रार्थनेला बसत नाही, मोबाइल घेऊन गच्चीवर जातो: त्याला ओढून बसवू नका, प्रार्थना दहा मिनिटांची करा आणि भात त्यानंतरच वाढा. पोरं भुकेला येतात.

मिरजेच्या ताई, तुमच्याकडे परत. रात्रीच्या जेवणाआधीचं तेवढं अर्धं मिनिट मोडू नका. राग आला तरी येऊ दे, रागासकट म्हणा. मात्र एक बदल करून बघा. स्पीच थेरपिस्टकडे जात असाल तर त्यांना ही गोष्ट सांगा, त्यांना तिचा उपयोग होईल. वाचाघाताच्या माणसाशी बोलताना ते एक सांगतातच, की त्याचं वाक्य घाईनं आपण पुरं करू नये.

यजमान ‘भाकर’पाशी थांबतात आणि तुम्ही लगेच पुढचं म्हणून टाकता, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. उद्या रात्री टाकू नका. सासूबाईंनाही सांगून ठेवा. ते थांबले की तुम्हीही थांबा, त्यांच्याकडे बघत मनात दहापर्यंत मोजा, आमटी निवली तर निवू दे. काय होतं ते मला कळवा. काही झालं नाही, तरी कळवा.